सिहोऱ्याची बस

२ जुलै २०२५, बुधवार

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, अण्णांना काय आठवतं आणि काय नाही ते रोज लिहीत जा, पुढच्या खेपेला वही घेऊन या. घरी येऊन मी दोन वह्या केल्या. एक डॉक्टरीणबाईंसाठी, हिंदीत. "सुबह चश्मा नहीं मिला. दवा दो बार माँगी." दुसरी ही, मराठीत, कोणालाही न दाखवायची. रांझीतल्या आमच्या गल्लीत मराठी वाचणारे आम्ही दोघंच, आणि अण्णांनी वाचलं तरी चहा होईपर्यंत विसरतील.

असं लिहू नये. पण खोडतही नाही. इथे तरी खरं लिहीन.

अण्णा म्हणजे माझे यजमान. लग्न होऊन आले तेव्हा सगळं घर त्यांना अण्णा म्हणे, मीही म्हणू लागले. खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात चार्जमन होते, दारू भरायच्या सेक्शनला. सहा आकडी नंबरांचे भाग तोंडपाठ असणारा माणूस आता न्हाणीघराचा दरवाजा शोधत देवघरात जातो.

तेही चालेल. चालत नाही ते एकच. रोज संध्याकाळी केस विंचरून, धुतलेला शर्ट घालून ते फाटकाशी उभे राहतात आणि विचारतात, "गौरांग आला काय?"

गौरांग आमचा मुलगा. सिहोऱ्याला मंडीच्या कचेरीत होता, रोज मोटारसायकलने जाऊन-येऊन. दोन वर्षांपूर्वी येताना ट्रकखाली गेला. अग्नी अण्णांनीच दिला. पुढे काही महिन्यांत ते सगळं त्यांच्या डोक्यातून पुसलं गेलं. गौरांग राहिला, त्याचं जाणं तेवढं गेलं.

मी सांगते, "सिहोऱ्याची बस लेट असेल. येईल." मोटारसायकल आठवली की ते काळजी करतात, म्हणून बस.

५ जुलै, शनिवार

शनिवारी गौरांग खोव्याची जिलबी आणायचा. शनिवार अण्णांना कसा कळतो, देव जाणे. वार विचारला तर सांगता येत नाही, पण आज फाटकाशी उभे असताना म्हणाले, "जिलबी आणेल तो. तू गोड करू नको."

ताटं मांडली तेव्हा तिसरं ताट स्वतः आणून ठेवलं. दोनच मांडली तर चिडतात. "त्याचं काहून नाही मांडलं? तो का परका आहे?" मग मी तिसऱ्या ताटात वाढते, झाकून ठेवते, आणि सकाळी तेच अन्न गाईला घालते. गल्लीतली गाय धष्टपुष्ट झाली आहे.

गौरांगचा फोटो मी भिंतीवरून काढून गोदरेजच्या कपाटात साड्यांखाली ठेवला आहे. हार बघून अण्णांनी विचारलं असतं. त्याचं हेल्मेट माळ्यावर टाकलं. घरात मी रडत नाही. रडायचं असलं की शेजारी तिवारी भाभींच्या स्वयंपाकघरात जाते. त्या काही विचारत नाहीत, लसूण सोलत राहतात.

११ जुलै, शुक्रवार

आज गॅस उघडा राहिला. मी भाजी आणायला गेले होते. आले तर घरभर वास. सगळ्या खिडक्या उघडल्या आणि मग ओट्याशीच बसले. ज्या माणसाने अख्खा जन्म दारूगोळ्याजवळ काढला, एक ठिणगी पडू दिली नाही, तो.

मोठ्या अक्षरात "गैस बंद करें" लिहून शेगडीवर चिकटवलं. त्यांनी खणखणीत वाचलं आणि पुढे निघून गेले. मग कॅलेंडरमधलं ज्वाळेचं चित्र कापून लावलं. त्याला त्यांनी हात जोडले. होमाचं वाटलं असावं.

१३ जुलै, रविवार

गणपतराव आले होते. अण्णांच्या हाताखाली होते, आता तेही रिटायर. अण्णांनी त्यांना नावाने ओळखलं नाही, पण "बस बस, गार्ड ने देख लिया तो" असं काहीसं म्हणून खांद्यावर थाप मारली. गणपतराव खूश.

मी शेगडीवरचे कागद दाखवले, तर ते हसायलाच लागले.

"वहिनी, हे काय करून राहिल्या तुम्ही? अर्धं इकडे, अर्धं तिकडे. आमच्याकडून अण्णांनी कसं करून घेतलं होतं, विसरल्या काय?"

मला माहीतच नव्हतं. कारखान्यातलं घरी बोलायचं नाही, हा अण्णांचा नियम. गणपतरावांनी सांगितलं ते असं. सेक्शनच्या दारावर पाट्या होत्या. वर चित्र, लगेच खाली तीन-चार शब्द. आगपेटीचं चित्र, खाली "माचिस बाहर". नवा माणूस आला की अण्णा त्याला नुसतं वाचू देत नसत. बोट चित्रावर, मग बोट अक्षरांवर, मोठ्याने म्हणायचं, मग डोळे मिटून पुन्हा म्हणायचं. महिनाभर रोज. जुने लोकही आत शिरताना बोट लावूनच शिरत, देवळाची घंटा वाजवावी तसे. अण्णा म्हणायचे, चित्र डोळ्याला धरतं, अक्षर जिभेला, दोन्हीकडून बांधलं की गाठ सुटत नाही.

मी लगेच एक पुठ्ठा घेतला. वर शेगडीचं बटण काढलं, माझ्या हातून ते बटाट्यासारखं झालं, खाली "गैस बंद". अण्णांना समोर उभं केलं. आणि काय सांगू, त्यांचा हात आपोआप उठला. बोट चित्रावर, बोट अक्षरांवर. "गैस बंद." डोळे मिटले. "गैस बंद." पाठ ताठ झाली होती त्यांची.

गणपतराव चष्मा पुसत राहिले.

२२ जुलै, मंगळवार

पाटी बसली. आज सकाळी चहा झाल्यावर ते स्वतः ओट्याशी गेले, बोट लावलं, म्हटलं, बटण बंद केलं. मी दाराआडून बघत होते. पोरगं पहिल्यांदा चाललं की आई बघते तशी.

न्हाणीघराची पाटीही बसते आहे. औषधाची अजून नाही.

मराठीत एक करून पाहिली होती, "नळ बंद करा". ती काही केल्या बसेना, हिंदीत केली आणि लगेच लागली. कारखान्याच्या पाट्या हिंदीतच असायच्या, म्हणून असेल.

४ ऑगस्ट, सोमवार

आता माणसांच्या पाट्या. वर फोटो, खाली नाव आणि नातं. समिधाची केली. ती आमची मुलगी, रायपूरला असते. फोनवर अण्णांनी तिला "समिधा, बेटी" म्हटलं, तिने ते दोनदा म्हणवून घेतलं. मग म्हणाली, "आई, उन्होंने मेरा नाम लिया. कितने दिनों बाद."

मी म्हटलं, आता गौरांगची करते.

तिने आवाज खाली आणला. मग म्हणाली, "नाव लिहून दे फक्त. बाकी मत लिखना."

मी म्हटलं, खोटी पाटी लावू? अण्णांच्या कारखान्यात खोटी पाटी कोणी लावली असती?

"आई, तो कारखाना नाही आहे. ते खुश आहेत ना? रहने दो ना."

खुश. ते खुश आहेत, हे खरं. मी रोज संध्याकाळी फाटकाशी उभी राहून माझ्या मेलेल्या मुलाची बस लेट करते, तेव्हा ते खुश असतात.

डॉक्टरीणबाईंनाही विचारलं. त्यांनी समिधासारखंच सांगितलं. दुरुस्त करू नका, विषय बदला, चहा द्या. त्या डॉक्टर पोरीचं वय तिशीचं असेल. तिने स्वतः असे चहाचे किती कप करून दिले असतील?

१२ ऑगस्ट, मंगळवार

आज गौरांगला जाऊन दोन वर्षं झाली. सकाळी देवघरात बसले, तर अण्णा येऊन म्हणाले, "आज खीर कर. त्याला आवडते." मी खीर केली.

गुरुजींकडे जाऊन आले. अपघातात गेलेल्यांचं श्राद्ध पितृपक्षातल्या चतुर्दशीला. या वेळी ती वीस सप्टेंबरला आहे. मागच्या साली मी काहीच केलं नाही. जावयाने केलं तर चालेल का, विचारलं. चालेल म्हणाले, पण बाप असताना बापाच्याच हातचं पाणी पोहोचावं, असंही म्हणाले. आणि देणाऱ्याला माहीत पाहिजे की कोणाला देतो आहे. नुसती ओंजळ सोडून काय उपयोग?

मला हे सबंध दिवस डाचत राहिलं. पोर दोन वर्षं तहानलेलं बसलं आहे आणि बाप त्याला जिलबी मागतो आहे.

म्हणजे माझं ठरलं. चतुर्दशीपर्यंत अण्णांना आठवलं पाहिजे. हे मी गौरांगसाठी करते आहे. अण्णांसाठीही. माणसाला आपलं दुःख माहीत असायला नको का? माझ्या मनात दुसरं काही नाही.

१८ ऑगस्ट, सोमवार

ओमतीच्या बाजारात जाऊन गौरांगची पाटी करून आणली. फोटो कपाटातून काढून दिला. दुकानातल्या मुलीने विचारलं, "आंटी, हार लगाऊँ फोटो पे? कंप्यूटर से लग जाता है." मी म्हटलं, लावा. दोन मिनिटांत तिने माझ्या मुलाला झेंडूचा हार घातला, आणि म्हणाली, "रंग ठीक है?" मी म्हटलं, ठीक आहे.

खाली शब्द मराठीत घेतले. नळाची पाटी मराठीत बसली नाही, हे ठाऊक होतं. पण हे हिंदीत लिहायला हातच चालेना. अण्णांनी गौरांगशी हिंदीत कधी बोलल्याचं आठवत नाही. "गौरांग. आपला मुलगा. आता या जगात नाही." एवढंच.

येताना बसमध्ये पाटी मांडीवर पालथी ठेवली होती. जागा मिळाली, पण सबंध रस्ता घाम येत होता.

१९ ऑगस्ट, मंगळवार

बोट फोटोवर. हसले. बोट अक्षरांवर. वाचलं. पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हे काय लिहिलं? कोणी लिहिलं?"

मी सांगितलं. ते खाली बसले. खुर्चीवर नाही, फरशीवर. असा आवाज मी त्यांच्या तोंडून स्मशानातही ऐकला नव्हता.

दुपारी झोपले. उठले ते नेहमीसारखे. संध्याकाळी शर्ट बदलून फाटकाशी.

२० ऑगस्ट, बुधवार

पुन्हा पहिल्यापासून. तेच "कोणी लिहिलं?", तीच फरशी. संध्याकाळी फाटक.

२४ ऑगस्ट, रविवार

गॅसच्या पाटीलाही वेळ लागला होता. मी स्वतःला हे सांगते. पण गॅसच्या पाटीला कोणी रडत नव्हतं.

सकाळी पाटीकडे नेताना आज त्यांनी माझा हात घट्ट धरला. समोर काय आहे हे आठवत नव्हतं, पण तिथे जायचं नाही, एवढं पायांना कळलं होतं. मी नेलं. लिहिते आहे, कारण इथे खरं लिहायचं ठरलं होतं. मी नेलं.

३० ऑगस्ट, शनिवार

गणपती बसवला आणि उठवलाही. अण्णांनी आरती सगळी म्हटली, एक शब्द चुकला नाही.

आज सकाळच्या रडण्यानंतर तिवारी भाभी आल्या. दारातच उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत.

"देशकर भाभी, बुरा मत मानिएगा. आपका बेटा एक बार गया था. आप उसे रोज़ सुबह मार रही हैं."

मी दार लावून घेतलं. त्यांना काय जातं? त्यांचे दोन्ही मुलगे संध्याकाळी घरी येतात. आणि मी दोन वर्षं त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन का रडले? माझ्या घरात माझ्या मुलासाठी रडायला माणूस नव्हता, म्हणून. चव्वेचाळीस वर्षांचा संसार, आणि मुलाचं दुःख मी शेजारणीच्या लसणाजवळ करायचं?

आता कुठे जाऊ रडायला, ते माहीत नाही.

४ सप्टेंबर, गुरुवार

आज बोट लावलं. वाचलं. मी वाट बघत होते. ते म्हणाले, "हो. माहीत आहे."

डोळे मिटून पुन्हा म्हटलं. "गौरांग. आपला मुलगा. आता या जगात नाही." मग पाटीच्या कडेवर बसलेली धूळ पुसली आणि चहा मागितला.

संध्याकाळी ते फाटकाशी गेले नाहीत.

पाटी बसली.

६ सप्टेंबर, शनिवार

काल दुपारी आम्ही दोघं पलंगावर बसलो होतो. अण्णा म्हणाले, "लहानपणी त्याच्या उजव्या भुवईजवळ लागलं होतं, नाही?" मी म्हटलं, हो, कारखान्याच्या क्वार्टरमध्ये, पायरीवर. "तू हळद भरली होती." हो. "रडला नव्हता तो." नाही, तुम्ही रडलात.

मग आम्ही दोघं रडलो. त्यांनी माझं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. किती बरं वाटलं मला. मुलगा गेल्यावर दोन वर्षांनी मी पोटभर रडले, माझ्या घरात, माझ्या माणसाजवळ. आईने असं लिहू नये, पण तो आनंदच होता. आज कपाटातून फोटो काढून भिंतीवर लावला. हार आणला. भाभींना पंचामृत नेऊन दिलं, त्यांनी वाटी रिकामी करून परत दिली.

रात्रीची दोनच ताटं अण्णांनी मांडली. गाय सकाळी येऊन उभी होती, तिला पोळी दिली.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

अण्णा जेवत नाहीत.

एक पोळी, तीही मी समोर बसले तर. केस विंचरत नाहीत. शर्ट तोच आहे. संध्याकाळ झाली की घड्याळाकडे बघतात, उठल्यासारखं करतात आणि पुन्हा बसतात. काल मी म्हटलं, चला, फाटकापर्यंत जाऊन येऊ. ते म्हणाले, "कशाला?"



मला वाटलं होतं, तो प्रश्न तेवढा जाईल. त्या प्रश्नाबरोबर कंगवा गेला, शर्ट गेला, भूक गेली, "तू गोड करू नको" गेलं. घर इतकं गप्प झालं आहे की फ्रिज सुरू झाला तरी दचकायला होतं. समिधाला फोनवर सांगितलं. "मैंने कहा था" असं ती म्हणाली नाही. तेच जास्त लागलं.

१५ सप्टेंबर, सोमवार

अण्णा आंघोळीला गेले असताना पाटी काढली. भिंतीवरचा फोटोही काढला. दोन्ही पुन्हा साड्यांखाली ठेवली. शिकवलेलं पुसता येत असेल, तर महिन्याभरात पुसेल. पूर्वी नाही का पुसलं गेलं?

ते बाहेर आले. पाटीच्या जागी गेले. नुसता खिळा होता. त्यांनी बोट खिळ्याच्या वर भिंतीला लावलं, मग खाली लावलं, आणि सगळं म्हटलं. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

संध्याकाळी मी मुद्दाम म्हणाले, "अहो, सिहोऱ्याची बस आज लेट दिसते." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जवळ आले, माझ्या पाठीवर हात ठेवला.

"शैला, अगं, तो गेला ना."

आता तेच मला पाटी वाचून दाखवतात.

२० सप्टेंबर, शनिवार. घातचतुर्दशी

सकाळी नदीवर, ग्वारीघाटाला गेलो. गणपतराव बरोबर होते, जावई आणि समिधा काल रात्री आले. अण्णांना मी धुतलेलं धोतर नेसवलं. दर्भाची पवित्री बोटात घालताना गुरुजी हळूच मला म्हणाले, यांना कळतं ना? मी म्हटलं, कळतं.

गुरुजींनी गोत्र विचारलं. अण्णांनी सांगितलं. नातं विचारलं. "पुत्र." नाव विचारलं. नाव सांगितलं. तीळ आणि पाणी ओंजळीतून सोडलं. नदीच्या पाण्यात तीळ जरा वेळ दिसत राहिले.

मला जे हवं होतं ते सगळं झालं. बापाच्या हातचं पाणी, माहीत असून दिलेलं. गौरांग, बाळा, पोहोचलं असेल तर तुझी तहान भागली असेल.  पण मी पायरीवर खाली बसले आणि मला उठताच येईना. दोन वर्षं मीच म्हणत होते, बस लेट आहे, येईल. हजारदा म्हटलं असेल. अण्णांना सांगत होते, असं मला वाटत होतं. आज ते तीळ वाहून जाताना कळलं की माझा एक कान रोज फाटकाकडे होता. त्यांचं वाट बघणं मीच बंद केलं, आणि आता त्या घरात वाट बघणारं कोणीच राहिलं नाही. गणपतरावांनी आणि समिधाने धरून रिक्षेत बसवलं. अण्णा सबंध रस्ता माझ्याकडे बघत होते.

दुपारी मंडळी जेवून गेली. जावयाला सुट्टी नव्हती, समिधा पुढच्या आठवड्यात पुन्हा येते म्हणाली. मी पडून राहिले. उन्हं उतरली तेव्हा उठले आणि पाय मला फाटकाशी घेऊन गेले. का, ते सांगता येत नाही. शनिवार होता. मी फाटकाची कडी धरून उभी राहिले, आणि रडू येत होतं ते येऊ दिलं, गल्लीत कोण बघतंय याची पर्वा केली नाही.

मागे चपलांचा आवाज आला. अण्णा. केस विंचरलेले होते, पाणी लावून. धुतलेला शर्ट, बटणं एक घर वर-खाली लागलेली. पवित्री अजून बोटात तशीच होती, काढायची राहून गेली होती. माझ्याशेजारी उभे राहिले. रस्त्याकडे पाहिलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि अगदी हळू म्हणाले,

"सिहोऱ्याची बस लेट असेल. येईल तो. तू रडू नको."

विसरले. देवा, विसरले अण्णा. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांचेही डोळे भरले होते, पण ते मला रडताना बघून असेल. मी पदराने तोंड पुसलं आणि म्हटलं, हो, आज ट्रॅफिक असेल. ते म्हणाले, "असेल." आम्ही बराच वेळ उभे होतो.

आत आल्यावर ताटं त्यांनीच मांडली. दोनच. मी म्हटलं, अहो, त्याचं? ते माझ्याकडे बघत राहिले, खूप वेळ. मग उठले, मांडणीवरून तिसरं ताट काढलं, शर्टाच्या टोकाने पुसलं आणि मांडलं. घाईत राहिलं असेल.

जेवताना त्यांनी दोन पोळ्या खाल्ल्या. मला तिसरी वाढली आणि मी ती संपवेपर्यंत हलले नाहीत. आता बैठकीत डोळे मिटून बसले आहेत, ओठ हलताहेत, जप करत असतील. खिळ्याकडे एकदाही गेले नाहीत.

डॉक्टरीणबाईंच्या वहीत आत्ताच लिहिलं, "बेटे वाली बात फिर भूल गए. भूख लगी है." सोमवारी त्यांना सांगेन की पाटी पुसली गेली, आता पुन्हा लावणार नाही.